डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा: बडोद्यातील पेट्रोल पंपचालक, टायरवाले आणि सर्व्हिस सेंटरचालकांना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार. गाड्यांची चाके, टायर आणि इलेक्ट्रिकलची कामे करणारी आम्ही बडोद्यातली काही माणसे हे पत्र लिहीत आहोत. विषय एकच आहे. टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलेली गाडी तुमच्या दारात येते, तेव्हा तिथे काय होते आणि काय व्हायला हवे.

काय होते ते तुम्हीही रोज पाहता. हवा भरणारा मुलगा विचारतो, "केटली?" (किती?) गाडीचा मालक म्हणतो, "पस्तीस टाक." चारही चाकांत पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरली जाते. दिवा तरीही जात नाही. मग कोणीतरी स्क्रीनवरच्या मेनूत शिरून रीसेट दाबतो, दिवा जातो आणि गाडीही जाते. मागच्या डाव्या चाकात खिळा असेल तर तोही गाडीबरोबर एक्स्प्रेसवेवर जातो. आमचे म्हणणे एवढेच आहे की रीसेटला हात लावण्याआधी दिवा का लागला ते शोधले गेले पाहिजे. त्याला पाच-सात मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे तुमच्याच जागेवर मिळू शकतात.

सुरुवात गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारून व्हावी: दिवा एकसारखा लागलेला आहे की आधी लुकलुकतो? गाडी चालू करताना तो दोन-तीन सेकंद लागून विझतो, ती त्याची स्वतःची तपासणी असते. विझला नाही आणि स्थिर राहिला, तर एका किंवा जास्त टायरांत हवा कमी आहे. पण मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर तो हवेबद्दल काहीच सांगत नाही, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच (टीपीएमएस) बिघडली आहे असे सांगतो. सेन्सरची बॅटरी संपलेली असते, टायर बदलताना सेन्सर तुटलेला असतो, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी चढवलेली असते. अशा गाडीत कितीही हवा भरली तरी दिवा जाणार नाही, आणि मुख्य म्हणजे टायर खरोखर बसला तरी ती गाडी मालकाला कळवू शकणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ज्या गाड्यांच्या चाकांवर चढले होते, त्यांपैकी एखाद्या गाडीत आता हा दिवा आणि एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाके अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जोडीने लागत असतील, तर आधी चाकाजवळचा स्पीड सेन्सर आणि त्याचा कनेक्टर उघडून पाहा. तिथे गाळ किंवा गंज सापडण्याची शक्यता मोठी असते.

गाडीत यंत्रणा कोणती आहे, तेही भरणाऱ्याला ठाऊक हवे. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओने गाडीला कळवतो. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील, तर बहुतेक हाच प्रकार. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित बुटके होते, त्यामुळे तेवढ्याच अंतरात जरा जास्त फेरे घेते, आणि एबीएसचे स्पीड सेन्सर तो फरक पकडतात. काही कंपन्या याला आयटीपीएमएस म्हणतात. यात आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा असतो आणि मेनूत किंवा बटणावर 'सेट'ची, म्हणजे रीसेटची, सोय असते.

सगळ्यांत जास्त नुकसान होते ते या दुसऱ्या प्रकारात. तिथे सेट दाबणे म्हणजे गाडीला सांगणे, की आत्ता चाकांत जी हवा आहे तीच बरोबर समज. एका चाकात २६ आणि बाकीच्यांत ३३ असताना सेट दाबले, तर गाडी २६ हाच त्या चाकाचा योग्य दाब धरून बसते. पुढे ते चाक २२ वर आले तरी ती गप्प राहू शकते. म्हणून क्रम ठरलेला असावा: थंड टायर, चारही चाकांत गाडीवर चिकटवलेल्या दाबाच्या तक्त्याप्रमाणे हवा, मग सेट, आणि मग काही वेळ सरळ रस्त्यावर गाडी चालवणे, कारण शिकायला तिला तेवढा वेळ लागतो. टायर बदलले, पुढची चाके मागे घातली, एकच नवा टायर टाकला, तरी हाच क्रम. पहिल्या प्रकारात उलट घोटाळा होतो. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, म्हणून हवा भरल्याबरोबर दिवा जात नाही, आणि मालक भरणाऱ्यावरच संशय घेतो. त्याला सांगा, गाडी पाच-दहा मिनिटे चाळीसच्या वर चालवा. सेन्सर जागे होतील, नवा आकडा पाठवतील आणि दिवा आपोआप जाईल.

आता पस्तीसचा प्रश्न. प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि दोन माणसांसाठी एक तर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा असे दोन रकाने असू शकतात. दिवाळीत पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन पुण्याला निघालेल्या गाडीत दुसरा रकाना वापरायचा, हे सांगायला पंपावर कोणीच नसते. आकडे किलोपास्कलमध्ये असतील तर २२० म्हणजे ३२ पीएसआय, २३० म्हणजे ३३, २४० म्हणजे ३५, २५० म्हणजे ३६. एवढे चार आकडे हवेच्या मशीनवर रंगवून ठेवले तरी खूप झाले. टायरच्या बाजूवर ठसवलेला ४४ किंवा ५१ हा आकडा टायरची कमाल मर्यादा आहे. तो भरायचा दाब नाही. काही मुले तो वाचून हवा भरतात, त्यांना आजच थांबवा.

तक्त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा घरापासून पंपापर्यंत फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश आली आहे. बहुतेक दिव्यांचे मूळ इथेच आहे, म्हणून याचा हिशेब नीट मांडतो.

गेजवर दिसणारा दाब हा बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब असतो. खरा दाब काढायला त्यात १४.७ मिळवावे लागतात. ३३ पीएसआयचा टायर खरे तर ४७.७ चा असतो, आणि बंद टायरमधला हा दाब केल्विनमधल्या (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमानाच्या प्रमाणात वरखाली होतो. धरा, ऑक्टोबरच्या दुपारी एक गाडी अहमदाबादहून ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेने आली. टायरमधली हवा तापून ६० अंशांवर आहे. पंपावर त्यात बरोबर ३३ भरली. उत्तरायणाच्या (मकरसंक्रांतीच्या) पहाटे बडोद्यात पारा १२ वर आला. तेव्हा ४७.७ गुणिले २८५ भागिले ३३३, म्हणजे ४०.८. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर उरतात २६. कुठेही पंक्चर नाही, कुणाचा व्हॉल्व्ह सैल नाही, तरी सात पीएसआय गेले. त्यात रबरातून महिन्याला साधारण एक पीएसआय आपसूक झिरपते, ते धरा. २३-२४ वर आलेल्या टायरने दिवा लावला तर त्यात नवल नाही. तोंडी हिशेबाला दर १० अंशांमागे दीड पीएसआय एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

यातून पंपासाठी दोन नियम निघतात. टायर तापलेला असेल आणि दिवा लागलेला असेल, तर तक्त्याच्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरा आणि मालकाला सांगा की उद्या सकाळी थंड असताना पुन्हा मोजा. आणि तापलेल्या टायरमध्ये ३८ दिसले म्हणून हवा कधीही सोडू नका. तक्ता ३३ चा असेल तर धावलेल्या टायरमध्ये ३७-३८ दिसणे अगदी रीतसर आहे. मे महिन्यात तर हे रोज घडते. दुपारी हवा सोडली जाते, तो टायर सकाळी २८ वर उठतो, आणि सुट्टीवर निघालेले कुटुंब त्याच टायरवर भरूचकडच्या नव्या एक्स्प्रेसवेला लागते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूने जास्त दुमडतो. त्या दुमडण्याने तापतो, तापून रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटतात, आणि वेगात फुटतो. उन्हाळ्यातल्या फुटलेल्या टायरांचा दोष लोक जास्त हवेला देतात. कापून पाहिले तर बाजूच्या भिंतीच्या आत घासून काळी पूड झालेली सापडते, आणि ती कमी हवेची खूण असते.

दिवा गेला म्हणजे हवा बरोबर आहे, हा समजही काढून टाकायला हवा. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथे २५ टक्के घट झाल्यावर दिवा लागावा असा नियम आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती आहे आणि तिथे मर्यादा २० टक्क्यांची. म्हणजे तक्ता ३३ चा असेल तर दिवा २५-२६ ला लागेल. २८ वर चालणाऱ्या गाडीत तो शांत असतो, आणि टायर मात्र झिजत आणि तापत असतो. महिन्यातून एकदा गेज लावणे याला पर्याय नाही, आणि हे गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगू शकता.

आता शोधण्याची रीत. हवा भरण्याआधी चारही चाकांचे आकडे मोजून कागदावर लिहा. आधी भरले की पुरावा गेला. चारही चाके साधारण सारखीच उतरली असतील, उदाहरणार्थ २६, २७, २६, २७, तर कारण थंडी आणि काळ. भरा, सेट करा, गाडी सोडा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा चार-पाचने खाली असेल, तर ते पंक्चर आहे असे धरूनच चाला. डोळ्यांवर विसंबू नका. रेडियल टायर खालून थोडा फुगलेला दिसतोच, आणि २५ व ३३ मधला फरक नुसते बघून किंवा लाथ मारून कळत नाही. त्या चाकाला साबणाचे पाणी चार ठिकाणी लावा: तळव्यावर, व्हॉल्व्हच्या तोंडावर, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि रिमच्या दोन्ही कडांवर. तळव्याचा बुडबुडा सगळे शोधतात, कडेचा फार कमी. पावसाळ्यात खड्ड्यांत आपटून किंचित वाकलेल्या अलॉय रिमच्या कडेतून हवा इतकी सावकाश जाते की बुडबुडे मोहरीएवढे येतात आणि ते दिसायला अर्धे मिनिट थांबावे लागते. तेवढे थांबा. खिळा दिसला तर टायर दुकानात उतरवेपर्यंत तो उपटू नका. बऱ्याचदा भोक त्यानेच बुजवलेले असते.

टायरवाल्यांना आमची कळकळीची विनंती आहे, कारण सेन्सर बहुतेक वेळा तुमच्या मशीनवर मरतो. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्ह पाहा. धातूचा, नट लावलेला व्हॉल्व्ह असेल तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. रबरी असला तरी असू शकतो, म्हणून मालकाला विचारा. कड दाबणारे फावडे व्हॉल्व्हपासून लांब, समोरच्या बाजूला लावा. ते व्हॉल्व्हच्या जागी दाबले की सेन्सरचे प्लॅस्टिक कवच तडकते. पहार सेन्सरच्या शेजारून आत घालू नका. टायर चढवताना कडेचा सर्वांत घट्ट, शेवटचा भाग सेन्सरवर येणार नाही असे चाक फिरवून घ्या. प्रत्येक वेळी टायर उतरला की व्हॉल्व्हचा रबरी वॉशर, नट, आतली पिन आणि टोपी नवी घाला. जुना वॉशर चेपलेला असतो आणि तो महिन्याभरात झिरपायला लागतो. पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी. साधी पितळी पिन अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून अशी घट्ट बसते की पुढच्या वेळी ती फिरवताना सगळा व्हॉल्व्ह हातात येतो. धातूच्या शोभेच्या टोप्यांचेही तेच, म्हणून टोपी प्लॅस्टिकची. व्हॉल्व्हचा नट टॉर्क पान्यानेच, सेन्सर बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला आवळा. तो आकडा फार लहान असतो, आणि चाकाच्या नटाच्या सवयीने हात चालला तर व्हॉल्व्ह तुटतो.

पंक्चर काढताना भोक तळव्यावर असेल आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच काढा. बाजूच्या भिंतीवर बत्ती (भोकात कोंबायची रबरी पट्टी) घालून गाडी सोडू नका. बाहेरून घातलेली बत्ती तात्पुरती असते. टायर उतरवून, आतून पाहून घातलेला मशरूम पॅच (आतून चिकटवायचा, देठ असलेला रबरी तुकडा) ही खरी दुरुस्ती, कारण त्याच वेळी आतली भिंत घासली आहे का तेही दिसते. मालकाने पंक्चर बुजवायचे डब्यातले सीलंट वापरले असेल तर ते पुसून काढा आणि सेन्सरचे बारीक छिद्र साफ करा. ते बुजले की सेन्सर चुकीचा दाब सांगत राहतो. आणि सेन्सर तुटलाच, तर गुपचूप साधा व्हॉल्व्ह बसवून गाडी परत देऊ नका. मालकाला सांगा. नव्या सेन्सरची ओळख गाडीला करून द्यावी लागते, काही गाड्या ती चालता चालता करून घेतात, काहींना त्यासाठीचे टूल लावावे लागते.

सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते. ती आत ओतून बंद केलेली असते, त्यामुळे बदलायचा तो अख्खा सेन्सर. गाडी आठ वर्षांची आहे, एक सेन्सर गेला आहे आणि टायरही झिजले आहेत, अशा वेळी चारही सेन्सर टायरबरोबरच बदलणे मालकाला परवडते, कारण टायर उतरवण्याची मजुरी दोनदा पडत नाही.

बाजारात मिळणारे, व्हॉल्व्हवर टोपीच्या जागी लावायचे सेन्सर हल्ली बरेच लोक लावतात. वस्तू उपयोगी आहे, पण रबरी व्हॉल्व्हच्या टोकावर ते वजन वेगात बाहेर ओढले जाते आणि जुन्या रबराला मुळाशी चिरा पडतात. आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवा, मग ते लावा. हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो, म्हणून त्याची रबरी रिंग सरकली की हवा तिथूनच जाते. बसवल्यावर साबणाचे पाणी लावल्याशिवाय गाडी सोडू नका. आणि पंपावरच्या मुलांनी टोपी काढायला कंटाळून "अहीं हवा नहीं भराय" (इथे हवा भरता येणार नाही) असे म्हणून गाडी पुढे काढू नये.

नायट्रोजनबद्दल थोडेच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढा त्याचा फायदा. तापल्यावर दाब त्याचाही तेवढाच वाढतो. दिवा लागलेल्या माणसाला "नायट्रोजनमध्ये साधी हवा चालत नाही" म्हणून परत पाठवणे धोक्याचे आहे. चालते, भरा.

पंपचालकांनी हवेच्या मशीनकडे पेट्रोलच्या मशीनइतकेच लक्ष द्यावे. हवा ही मोफत द्यायची सेवा आहे, म्हणून तिचे गेज वर्षानुवर्षे कोणी पडताळत नाही. पाइप जमिनीवर आपटत राहतो आणि गेज दोन-तीन पीएसआयने खोटे बोलू लागते. एक चांगले गेज कार्यालयात जपून ठेवा आणि आठवड्यातून एकदा मशीन त्याच्याशी ताडून पाहा. फरक एक पीएसआयपेक्षा जास्त निघाला तर मशीन दुरुस्तीला द्या. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज उघडून पाणी काढा. बडोद्याच्या पावसाळ्यात टाकीत भरपूर पाणी साचते. ते टायरमध्ये गेले की व्हॉल्व्ह आणि रिम आतून गंजतात.

रस्त्यात दिवा लागला की गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करते. तेव्हा त्याला हेच सांगा: जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, वेग हळूहळू कमी करा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा मागून झुलत असेल तर डाव्या कडेला, चारही इंडिकेटर लावून, थांबा. टायर बसलेला दिसला तर तसाच रेटू नका. बसलेल्या टायरवर थोडेसे अंतरसुद्धा गेले तरी बाजूची भिंत कापली जाते आणि दुरुस्तीजोगा टायर भंगारात जातो. ओढत नसेल, टायर बसलेला नसेल, तर सावकाश जवळच्या हवेच्या मशीनपर्यंत या. २०२० च्या नियमबदलानंतर साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाड्यांत ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चरचे किट असते, त्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, की गाडीत स्टेपनी आहे का किट. किटमधला छोटा कॉम्प्रेसर कुठे असतो हेही अनेकांना ठाऊक नसते.

सर्व्हिस सेंटरांकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात. सर्व्हिसच्या कागदावर चारही चाकांचे दाब आकड्यांत लिहा, नुसती "हवा तपासली" अशी खूण पुरे नाही. चाके अदलाबदल केल्यावर सेन्सरच्या जागा गाडीच्या संगणकात बदला, नाहीतर पुढचे चाक उतरते आणि स्क्रीन मागचे दाखवते. आणि गाडी देताना मालकाला पाच मिनिटे देऊन त्याच्या गाडीत कोणती यंत्रणा आहे आणि सेट केव्हा दाबायचे ते त्याच्याकडून एकदा करून घ्या.

हवेच्या प्रत्येक मशीनशेजारी गुजराती, मराठी आणि हिंदीत एक फलक लागावा, ही शेवटची विनंती. मजकूर असा असावा: "दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहून सांगा. गाडी किती लांबून आली ते सांगा. आधी चारही चाके मोजली जातील, मग हवा भरली जाईल. एक चाक जास्त उतरले असेल तर पंक्चर तपासल्याशिवाय रीसेट करू नका." फलक लागला की तुमच्या मुलांना मोजणे आणि साबणाचे पाणी लावणे दाखवायला आम्ही कामाचा दिवस सोडून रविवारी सकाळी यायला तयार आहोत. त्या वेळी टायर थंड असतात आणि पंपावर गर्दीही कमी असते.

आपले,
बडोद्यातील वाहनदुरुस्तीच्या धंद्यातले काही तंत्रज्ञ